शाडू आणि गुलाबी पावडर

प्लॅस्टिकचं विमान दोन अर्ध्या भागांत येतं. डावी कूस आणि उजवी कूस एकमेकींना चिकटवली की नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध एक रेघ राहते. ती रेघ नाहीशी करणं हेच आमच्या छंदातलं खरं काम. लोकांना वाटतं, मॉडेल करणारा माणूस विमानं बनवतो. कसलं काय! तो फटी बुजवतो, घासतो, उजेडात धरून बघतो, कपाळाला आठ्या घालतो आणि पुन्हा बुजवतो. नॉटिंगहॅमला आमच्या घरामागे एक लाकडी शेड आहे, तिथे मी गेली कित्येक वर्षं हा उद्योग करतोय. नोकरीत सॉफ्टवेअर, शेडमध्ये फटी. दोन्हीकडे दुसऱ्यांच्या चुका निस्तरायच्या, एवढंच.

सुरुवातीला मी ट्यूबमधली तयार पुट्टी वापरायचो. ती लावताना लोण्यासारखी बसते आणि वाळली की आक्रसते. रंग देऊन झाल्यावर महिन्याभरानं बघावं तर रेघ परत हजर. एकदा चिडून मी अख्खं विमान भिंतीवर फेकलं होतं. आमच्या मॉडेल क्लबात एक निवृत्त गोरा गृहस्थ येतो, भयंकर बोलका. त्याला मी हे रडगाणं ऐकवलं, तर त्यानं मला जवळजवळ झापलंच. पुट्टी फेकून दे म्हणाला, बायका नखांना लावतात ती अ‍ॅक्रिलिक पावडर आण, आणि सुपरग्लू.

पद्धत सोपी आहे. फटीत पावडर दाबून भरायची, जादाची ब्रशनं झटकायची आणि सुईच्या टोकावर पातळ ग्लूचा थेंब घेऊन नुसता टेकवायचा. थेंब आपोआप आत ओढला जातो, भुकटी क्षणभर ओली दिसते आणि बघता बघता दगड होते. त्या वेळी थोडी वाफ निघते, ती डोळ्यांत गेली की डोळे चुरचुरतात. पण हे मिश्रण आक्रसत नाही, खचत नाही, पॉलिश पेपर लावला तर प्लॅस्टिकसारखंच घासलं जातं. पाण्याचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. चुकलंच तर उपाय एकच, अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी. त्यात ते हळूहळू मऊ पडतं आणि चिखल होऊन सुटतं. म्हणून पावडरीशेजारी अ‍ॅसिटोनची बाटली ठेवायचीच, हा त्या गृहस्थाचा दुसरा सल्ला.

पावडर मला विकत आणावी लागली नाही. घरात होतीच.

आमची मुलगी, एकुलती एक, सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला असताना मैत्रिणींची नखं करून द्यायची. शनिवारी दुपारी वरच्या खोलीत पोरींचा कलकलाट आणि तो उग्र वास जिन्यावरून थेट खाली. मी खालून ओरडायचो, "अगं, खिडकी तरी उघडा! घर आहे का केमिकल फॅक्टरी?" ती वरून ओरडायची, "बाबा, तुझ्या शेडमध्ये काय रोझेस आहेत का?" युनिव्हर्सिटीला गेली तेव्हा तिची पावडरीची बरणी खोलीतच राहिली. फिकट गुलाबी, नखाचाच रंग. मी फोनवर विचारलं, "घेऊ का गं?" ती म्हणाली, "घे ना, ऑल युअर्स. पण तुझे प्लेन्स गर्ली होणार." आणि हसली. त्यानंतरही आम्ही पुष्कळदा बोललो असणार, पण मला आठवतं ते हे.

तिच्या हातची आणखी एक वस्तू घरात राहिली, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळानं चर्चच्या हॉलमध्ये शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा घेतली होती. ही कुरकुरत गेली आणि टीचभर गणपती घेऊन आली. "बाबा, सोंड वाकडा झालाय." बायकोनं सवयीनं सुधारलं, "सोंड वाकडी झाली." मी म्हटलं, "डावीकडे वळलीय ना, मग झालं." एक डोळा लहान, एक मोठा होता, पोट मात्र झकास जमलं होतं. त्या वर्षी दुकानातली मूर्ती न आणता हीच बसवली. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती. विसर्जनाआधीच तिला हॉल्समध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर, सोडायचा दिवस आला. तिथल्या कार पार्कमध्ये, हातात उशी आणि कढई घेऊन, ती आईला म्हणाली, "आई, माझ्याशिवाय गणपती बुडवू नकोस हं. मी बनवलाय. रीडिंग वीकला आले की मीच करणार."

अनंत चतुर्दशीला बायकोनं रीतसर उत्तरपूजा केली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, मूर्ती जागची थोडी हलवली. मूर्ती हलवली की देव त्यातून गेला असं मानतात. मग तिनं ती पाण्यात न घालता पुढच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. मंडळातल्या एक काकू तोंडावर म्हणाल्या, "अगं, विसर्जन न केलेली मूर्ती घरात ठेवू नये." बायको म्हणाली, "काकू, देव गेलेत. आता नुसती माती आहे, आणि ती माझ्या लेकीची आहे." काकूंनी तो विषय परत काढला नाही.

रीडिंग वीकला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, मुलगी सर्दी-तापानं फणफणत आली. बाहेर गारांचा पाऊस. "नेक्स्ट टाइम करू." ख्रिसमसला आली तेव्हा बागेतला नळ गोठलेला. ईस्टरला आलीच नाही. पुढच्या गणपतीत यायचं म्हणाली आणि आदल्या दिवशी काहीतरी निघालं. फोन कमी झाले. कमी झाले म्हणजे आम्ही करायचे आणि तिनं नंतर दोन ओळी लिहायच्या. आणि मग शेवटच्या वर्षाला असताना एका सकाळी मेसेज आला, की मला सध्या घराशी कॉन्टॅक्ट नको आहे, माझं मी बघेन, प्लीज मला शोधत येऊ नका.

का, ते मला माहीत नाही. लोक विचारतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, की काहीतरी झालंच असेल, हे सांगत नाहीयेत. मलाही तसंच वाटलं असतं. मी माझ्या बोलण्यातला शब्द न् शब्द उकरून काढलाय. ओरडलो असेन, टोमणे मारले असतील, मार्कांवरून बोललो असेन. सगळेच बाप बोलतात. विमानाची फट मी उजेडात धरली की केसाएवढी असली तरी मला दिसते. इथे मी वर्षानुवर्षं धरून बघतोय आणि मला काही दिसत नाही. तिच्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती फक्त "शी इज फाइन, अंकल" म्हणाली. मंडळातल्या कुणीतरी तिला लंडनकडे इल्फर्डला बाजारात पाहिलं. केस कापलेत म्हणे. आमच्या माहितीचा साठा एवढाच.

त्या मेसेजनंतर बायकोनं एकच गोष्ट ठरवली. मूर्ती तशीच राहील, आणि विसर्जन होईल ते मुलीच्याच हातानं. नवस वगैरे शब्द तिनं वापरला नाही, मला चिडवायला संधी मिळू नये म्हणून. पण होता तो नवसच. दर वर्षी गणेश चतुर्थीला ती मूर्ती फळीवरून उतरवायची, पाटावर बसवायची, पूजा करायची आणि फोटो काढून मुलीला पाठवायची. उत्तर नाही. फक्त फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे तिनं बघितलाय. बायको म्हणायची, "बघितला हं." त्या दोन खुणांवर आम्ही वर्ष काढायचो.

इथपर्यंत सगळं देवाच्या हातात होतं. रेडिएटर मात्र माझ्या हातात होता.

शाडूची मूर्ती वर्षानुवर्षं टिकायला केलेलीच नसते. दहा दिवस बसायचं आणि पाण्यात जायचं, एवढंच तिचं आयुष्य. आमच्या पुढच्या खोलीत हिवाळाभर हीटिंग चालू. एका सकाळी बायकोनं मला हाक मारली. असा आवाज मी तिचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ऐकला होता. मूर्तीच्या डाव्या खांद्यापासून काखेपर्यंत बारीक तडा गेला होता. ती म्हणाली, "हात निखळला तर मूर्ती खंडित झाली. मग पुजता येणार नाही, लगेच विसर्जन करावं लागेल." मग म्हणाली, "अहो, तेवढं बघता का?"

देवावर माझा तिच्याएवढा विश्वास नाही. पण ती मूर्ती मोडली असती तर आमचं वाट बघणंच मोडलं असतं, हे मला न सांगता कळलं.

आधी मी कार्यशाळेतला उरलेला शाडू भिजवून तड्यात भरला. वाळल्यावर त्याचा खपला होऊन पडला. मग पुट्टी लावली, ती आत खचली, तडा दुप्पट ठळक. शेवटी गुलाबी बरणी काढली. शाडू प्लॅस्टिकसारखा नसतो, तो ग्लू अक्षरशः पितो. थेंब टेकवला की आजूबाजूची मातीही ओलसर काळपट होऊन दगडासारखी घट्ट होते. पण तडा बुजला. घासून, वर मातीच्या रंगाचा हात देऊन मूर्ती फळीवर ठेवली, तेव्हा बायकोनं तिच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच माझ्या छंदाबद्दल बरं बोलली.

मग ते दर हिवाळ्याचं झालं. हीटिंग कमी केलं, खोलीत पाण्याचं भांडं ठेवलं, तरी कुठेतरी नवी रेघ निघायचीच. मानेशी, सोंडेच्या वळणावर, मांडीखाली, कानामागे. बायको शेडमध्ये येऊन टॉर्च धरून उभी राहायची. "इथे बघा. इथेही आहे का हो?" तडा हा शब्द ती कधी उच्चारायची नाही. मी पावडर भरायचो, थेंब टेकवायचो, वाफ डोळ्यांत जायची आणि आम्ही दोघं डोळे पुसायचो. ती घरात गेली की मी एकटा बसून रडायचोही. शेडमध्ये रडण्याची चांगली सोय असते, ड्रिल चालू केलं की झालं.

मुलीची ती बरणी संपली तेव्हा मी तिच्यातला शेवटचा कण ब्रशनं ओढून काढला आणि रिकामी बरणी घेऊन हाय स्ट्रीटवरच्या ब्यूटीच्या दुकानात गेलो, तोच रंग जुळवायला. काउंटरवरच्या मुलीनं हसत विचारलं, बायकोसाठी का? मी म्हटलं, मुलीसाठी. किती वर्षांनी मी ते वाक्य बोललो. बाहेर येऊन बस स्टॉपवर बसून राहिलो आणि समोरून दोन बस गेल्या तरी उठलो नाही.

या वर्षीच्या चतुर्थीला मी सुट्टी घेतली होती. सकाळी पूजा झाली, मोदक थोडे फाटले, आरती आम्ही दोघांनीच म्हटली. बायकोनं फोटो पाठवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी शेडमध्ये एका पंखाशी झटापट करत होतो. तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. "अहो! अहो, लवकर या, ती टाइप करतेय!"

मी पॉलिश पेपर हातात घेऊनच धावलो. फोन ओट्यावर ठेवला होता, आणि तिच्या नावाखाली खरंच दिसत होतं, टायपिंग. बायकोनं दोन्ही हात तोंडावर धरले होते, पिठाचे. टायपिंग थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. मी तेवढ्या वेळात मनातल्या मनात तिला स्टेशनवरून आणलं, तिची खोली झाडली, जेवायला वाढलं. बायकोनं काय काय केलं असेल देव जाणे. मग मेसेज आला.

"आई, प्लीज हे फोटोज पाठवू नकोस. मी त्याच्यासाठी येणार नाही. तुम्ही विसर्जन करून टाका. आय अ‍ॅम ओके."

बायकोनं तो पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "निदान बरी आहे." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की फोन उचलून त्या विमानासारखा भिंतीवर फेकावा. बरी आहे! चार वाक्यांत संपवलं आम्हाला. पण राग लगेच ओसरला आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. ती येणार नाही. हे मला आतून कधीपासून माहीत होतं, त्या सकाळी ते वाचायला मिळालं.

मी म्हटलं, "राहू दे मूर्ती. फोटो नको पाठवूस, पण मूर्ती राहू दे."

"नाही," बायको म्हणाली. "तिनं सांगितलंय. इतक्या वर्षांनी काहीतरी सांगितलंय तिनं, ते तरी करूया."

दहा दिवस ती मूर्ती नेहमीपेक्षा जास्त नटली. अनंत चतुर्दशीला दुपारी ऊन होतं. मी हिरवी बादली धुऊन पाणी भरलं आणि सफरचंदाच्या झाडाखाली ठेवली. पूर्वी दर वर्षी तिथेच करायचो. मुलगी लहान असताना बादलीत वाकून, "बाप्पा, ब्रीद! श्वास घे!" म्हणून ओरडायची. बायकोनं मूर्ती हातात घेतली, तीनदा पाण्यात खाली-वर केली आणि सोडली. मी म्हटलं, "गणपती बाप्पा मोरया." पुढे "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायचं असतं. ते दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

मग बायकोनं फोन काढला आणि लिहिलं, "केलं गं विसर्जन. काळजी घे." पाठवलं. त्याच्याखाली एकच खूण आली, करडी. एक खूण म्हणजे मेसेज आपल्याकडून निघाला, पोचला नाही. आम्ही बागेतल्या खुर्च्यांवर बसलो. मी चहा आणला. खूण एकच. शेजाऱ्यानं गवत कापून संपवलं. खूण एकच. बायको म्हणाली, "ट्रेनमध्ये असेल, रेंज नसेल." मी "हं" म्हटलं. फोटो जायचे ती वाट मुलीनं ब्लॉक करून बंद केली होती. दोन निळ्या खुणाही गेल्या. हे बायकोलाही कळलं होतं, पण तिला माझं "हं" हवं होतं, आणि मी ते म्हटलं.

ऊन उतरल्यावर ती बादलीशी गेली. शाडू एव्हाना विरघळून तळाला बसलेला असतो, ते पाणी आम्ही झाडाला घालतो. तिनं हात घातला आणि तशीच थांबली. मग काहीतरी वर काढलं.

माती गेली होती. ते झकास जमलेलं पोट गेलं होतं, लहानमोठे डोळे गेले होते. राहिले होते ते मी भरलेले तडे. खांद्यापासून काखेपर्यंतची एक पट्टी, तिला जोडून मानेभोवतीचं अर्धं कडं, मांडीखालच्या दोन काड्या, आणि सोंडेचं ते डावीकडचं वळण जवळजवळ सगळं. फिकट गुलाबी. सगळं एकमेकांना धरून उभं होतं, आणि मधून बायकोची बोटं दिसत होती. इतक्या वर्षांत मी नक्की काय करत होतो ते मला तेव्हा दिसलं. मुलीनं केलेलं सगळं पाण्यात गेलं होतं आणि आमचं बुजवणं तेवढं उरलं होतं.

"हे काय हो?" तिनं विचारलं.

"ती पावडर."

"विरघळत नाही?"

"पाण्यात नाही."

"मग कशात?"

शेडचं दार उघडंच होतं. फळीवर पावडरीशेजारी अ‍ॅसिटोनची बाटली बसल्या जागेवरून दिसत होती. एका भांड्यात ओतून हे त्यात ठेवलं असतं तर सकाळपर्यंत चिखल झाला असता. मुलीनं सांगितलेलं पुरं झालं असतं.

मी म्हणालो, "कशातच नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नेलपॉलिश कशानं निघतं हे तिला माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तिनं नळाखाली ते नीट धुतलं, ओढणीच्या टोकानं टिपलं आणि दोन्ही हातांत धरून घरात गेली. पुढच्या खोलीत फळीवरची वस्तू सरकवल्याचा आवाज आला. मी बादलीतलं पाणी सफरचंदाच्या झाडाला घातलं आणि शेडचं दार लावून घेतलं.